विहीर बुजवू नये म्हणतात

"पूल पाडायचं चाललंय आमचं," ताई फोनवर म्हणाली. फोन स्पीकरवर होता. अप्पांनी हातातला पेपर खाली केला. "कुठला? वाईचा?"

ताईचं घर कॅलिफोर्नियात, सनीवेलला. घराच्या परसात पोहण्याचा तलाव आहे. गेल्या अठरा वर्षांत अप्पा नऊ-दहा वेळा तिकडे जाऊन राहिले, पण पूल म्हणजे नदीवरचा, हे त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. ते त्याला हौद म्हणतात. भाऊजी आणि मुलं पूल म्हणतात. आणि ताई, जी एवढ्या वर्षांत त्यात जेमतेम सात-आठदा उतरली असेल, ती महिन्याच्या जमाखर्चात त्याचा खर्च 'खड्डा' या नावाखाली मांडते.

मे महिन्यात अप्पांना पोचवायला मी गेलो आणि सात आठवडे राहिलो. हौद ठेवायचा की बुजवायचा, याखेरीज त्या घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. सकाळी चहाला तोच, रात्री भांडी डिशवॉशरला लावताना तोच. शेवटी मी ताईच्या ओळखीच्यांकडे आणि त्यांच्या ओळखीच्यांकडे जाऊन विचारायला लागलो. कुणी बुजवला होता, कुणी ठेवला होता, कुणी बुजवून पस्तावलं होतं. त्या खोऱ्यात मराठी घरं भरपूर. साठ-सत्तरच्या दशकांतलं जुनं घर घेतलं की हा ऐवज पुष्कळदा त्याच्याबरोबर पदरात पडतो. मागितलेला नसतो. घर चांगल्या शाळेसाठी घेतलेलं असतं. तलाव मागच्या दारी निघतो, जुन्या वाड्यात आड निघावा तसा.

ताईचा तलाव १९७४ सालचा. आकार काजूसारखा, अमेरिकन माणसं त्याला किडनी म्हणतात. एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला आठ. पाणी वीस हजार गॅलन, म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर. पुण्यातल्या सोसायटीच्या भाषेत साडेसात टँकर. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला आणि नंतर तिथे कुणाला सांगितला नाही.

मार्चमध्ये त्याचा पंप जळाला. दुरुस्तीला आलेल्या माणसानं पंपाबरोबर बाकीचंही पाहिलं आणि यादी वाचून दाखवली: आतला गिलावा ठिकठिकाणी सुटलाय, काठाच्या फरशा निघाल्यात, गाळणी जुनी झालीय. सगळं नीट करायचं तर बावीस हजार डॉलर. ताईनं त्याच संध्याकाळी बुजवणाऱ्यांना फोन लावले. अर्धवट बुजवायला चौदा हजार, मुळापासून काढायला सत्तावीस, आणि काढून वर बांधकाम करता येईल अशी जमीन तयार करून द्यायला चौतीस. म्हणजे ठेवला तरी पैसे, काढला तरी पैसे. नुसतं बघत बसण्याचेही पैसे पडतातच, पण ते हप्त्यानं जातात म्हणून जाणवत नाहीत.

वर बांधकाम कशाचं? अप्पांचंच. कॅलिफोर्नियानं २०१७ पासून आणि मग २०२० पासून आणखी सैल करत असा कायदा केला आहे, की घराच्या आवारात मागे एक छोटं स्वतंत्र घर बांधायला नगरपालिकेला सहसा आडकाठी करता येत नाही. मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून चार फूट सोडले की पुरे. लोक त्याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. ताईच्या मनात तेच होतं. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली, मध्ये चौदा पायऱ्या. मागे एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, उंबरा नसलेलं न्हाणीघर झालं तर ते सहा महिन्यांऐवजी कायमचे येतील, असं तिला वाटतं. जागा आहे ती एकच, आणि तिथे पाणी आहे.

आणि त्या पाण्यात रोज नियमानं उतरणारा घरातला माणूसही एकच. अप्पा.

*

या खोऱ्यात एके काळी जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या. चिप नंतर आल्या. बागांसाठी आणि मग वाढत्या शहरासाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलं की विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांत सॅन होजेची जमीन तेरा फुटांनी खचली. ही खचलेली, चिकण मातीची, उन्हाळ्यात तडकणारी आणि पावसाळ्यात फुगणारी जमीन. बागा तोडून त्यावर घरं झाली आणि घरांमागे लोकांनी खड्डे खणून पुन्हा पाणी भरलं. ते आता नळाचं होतं.

असे मनाला येईल त्या आकाराचे तलाव स्वस्तात बांधता यायला लागले त्याचं श्रेय ज्याच्याकडे जातं तो माणूस गवंडी नव्हता. कार्ल एकली हा मेलेल्या प्राण्यांची कातडी साच्यावर चढवून ते जिवंत वाटतील असे उभे करणारा कारागीर. शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या भिंतींचे पोपडे निघत होते, ते झाकायला त्यानं १९०७ च्या सुमारास सिमेंट फवारणारं यंत्र केलं. नळीतून कोरडं मिश्रण हवेच्या दाबानं यायचं आणि तोंडाशी त्याला पाणी मिळायचं. पुढे याच फवाऱ्यानं खड्ड्यात सळयांच्या जाळीवर काँक्रीट मारायची रीत पडली. चौकोनी साचा ठोकायची गरज उरली नाही. सोनोमामधल्या एका बागेत १९४८ साली थॉमस चर्चनं वळणावळणाचा तलाव केला, त्याचे फोटो मासिकांतून गाजले आणि अमेरिकेच्या परसांत काजू पिकायला लागले.

पण नुसत्या यंत्रानं घरोघरी तलाव होत नाहीत. त्याआधी अमेरिकन गावांत मोठमोठे सार्वजनिक तलाव होते, शेकडो माणसं मावतील असे. काळ्या लोकांना तिथे उतरू द्यायची वेळ आली तेव्हा सेंट लुइसमध्ये १९४९ साली दंगल झाली. १९६४ साली फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या एका मोटेलात काळे-गोरे आंदोलक एकत्र तलावात उतरले, तर व्यवस्थापकानं पाण्यात ॲसिड ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं सगळ्यांसाठी खुले करण्यापेक्षा तलाव बंदच केले, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं पाचास चार मतांनी त्याला मान्यता दिली. काही गावांनी तर माती टाकून तलाव बुजवले. ज्यांना परवडत होतं त्यांनी आपापल्या कुंपणाआड पाणी नेलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याकडे १९२७ साली झाला. त्यानंतर तळं 'शुद्ध' करायला लोकांनी काय काय ओतलं हेही आपल्याला माहीत आहे. त्यामुळे सनीवेलच्या लायब्ररीत हा इतिहास वाचताना मला परकं काही वाटलं नाही. पाण्याला शिवायचं कुणी, हा प्रश्न तिथल्या तलावांच्याही तळाशी आहे.

*

फ्रीमाँटचं एक जोडपं, मूळ नाशिकचं. त्यांनी २०१९ साली अर्धवट बुजवायचा स्वस्त मार्ग धरला. त्याची पद्धत अशी: पाणी काढायचं, तळाला भोकं पाडायची म्हणजे पावसाचं पाणी साठून राहणार नाही, वरचा दोन-तीन फुटांचा काठ फोडून तोच राडारोडा आत लोटायचा, वर कापड अंथरायचं, वर माती. बाकीचं काँक्रीटचं भांडं जमिनीत तसंच. चार दिवसांत काम संपलं, हिरवळ आली, नाशिकहून आलेल्या आजींनी तिथे भेंडी लावली.

मग २०२२ चा डिसेंबर आला. तीन आठवड्यांत नऊ वादळं एकामागून एक कॅलिफोर्नियावर आपटली. माती बसली. "सकाळी पडदा सरकवला तर गवतात काजू उमटलेला," यजमान म्हणाले. चार बोटं खोल, सगळी वळणं जशीच्या तशी. उन्हाळ्यात बाकीचं गवत पिवळं पडलं तरी तेवढा काजू हिरवा राहायचा, कारण खाली भांड्यात ओल. पुढच्या वर्षी त्यांनाही मागे खोली बांधायची झाली तेव्हा इंजिनिअरनं सांगितलं, हे सगळं उकरा. राडारोड्यावर पाया घेता येत नाही. पुरलेलं भांडं काढायला भरलेल्या तलावापेक्षा जास्त पैसे पडले. घर विकायचं म्हटलं असतं तरी खाली काय पुरलंय ते गिऱ्हाइकाला लिहून द्यावं लागतंच.

माझं मत विचाराल तर अर्धवट बुजवणं हा सगळ्यांत वाईट सौदा. दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही, आणि पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतं.

पूर्ण काढण्याचं काम मी सॅन होजेला पाहिलं, दोन दिवस, शेजारच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. आपण ज्याला पोकलेन म्हणतो त्याचं पिल्लू बाजूच्या बोळातून आत आलं. त्यासाठी आदल्या दिवशी कुंपणाची पाच फूट फळी काढून ठेवली होती. यंत्र आत येईल का, यावरच निम्मा खर्च ठरतो. बोळ अरुंद असेल तर सगळं हातगाडीनं. वीज आणि गॅसच्या नळ्या आधी तोडून बंद केलेल्या. पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडायची परवानगी नाही, कारण ते गटार थेट ओढ्यात आणि ओढा खाडीत जातो, आणि क्लोरीनचं पाणी माशांना मारतं. ते सांडपाण्याच्या नळीतच सोडावं लागतं. आदल्या दिवशी दुपारी सोडलेला पंप रात्रभर चालू होता.

रिकामा तलाव ओळखू येत नाही. पाणी असताना तो सपाट दिसतो. रिकामा झाला की विहिरीसारखा अंगावर येतो. आणि तो फार दिवस रिकामा ठेवायचा नसतो, हे मला त्या मुकादमानं शिकवलं. पावसाळ्यात भोवतीच्या जमिनीत पाणी चढतं. रिकामी घागर पाण्यात दाबून धरली तर ती हात वर फेकते, तसं ते वीस-तीस टनांचं काँक्रीटचं भांडं जमिनीतून वर येतं. अख्खं. त्यानं फोनवर फोटो दाखवला: हिरवळीवर दोन फूट उचललेला तलाव, नांगर तुटलेल्या होडीसारखा तिरका.

ब्रेकरनं पहिला घाव घातला तेव्हा गिलाव्याचे थर दिसले. वर पांढरा, खाली करडा, त्याखाली फिकट निळा. तीन वेळा कुणीतरी पैसे घालून हा तलाव नवा केला होता. मग सळया निघाल्या, गंजून बोटाएवढ्याच्या काडीएवढ्या झालेल्या. तळ निघाल्यावर नगरपालिकेचा माणूस येऊन खड्ड्यात डोकावून गेला, त्यानं सही केल्याशिवाय मातीचा ट्रक सोडला नाही. मग आठ इंच माती, पाणी मारून धुमस, परत आठ इंच, परत धुमस. दर दोन-तीन थरांनी एक मुलगी पिवळा डबा घेऊन यायची आणि माती किती घट्ट बसली ते मोजायची. नव्वद टक्के भरली नाही तर तो थर पुन्हा. घर बांधायच्या जमिनीत थर मोजण्याचे हे कागद सगळ्यांत महत्त्वाचे. ताईला आलेल्या चौतीस हजारांतला बराच भाग याच कागदांचा आहे.

त्या घरची काकू, मूळची ठाण्याची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मी विचारलं, किती दिवस चाललं होतं ठरवायला?

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "लेकीनं व्हिडिओ पाठवला. नातू रांगायला लागला."

यावर पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंची जी कारणं आहेत त्यांत बुडणं पहिलं आहे, आणि एवढी लहान मुलं बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरच्या तलावातच बुडतात. ओरडण्याचा आवाज येत नाही, पाणी उडत नाही. फोनवर बोलण्याएवढा वेळ पुरतो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून घरचा तलाव नवा बांधताना किंवा मोठा दुरुस्त करताना सात ठरलेल्या उपायांपैकी निदान दोन करावेच लागतात: पाच फुटी कुंपण आणि आपोआप लागणारं दार, वर ताणायचं आच्छादन, दाराला भोंगा, पाण्यात भोंगा आणि असंच आणखी. तळाच्या जाळीला माणूस खेचला जाऊ नये म्हणूनही २००७ साली देशभराचा कायदा झाला. त्याला २००२ साली तसा मृत्यू आलेल्या सात वर्षांच्या मुलीचं नाव आहे. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे किंवा येऊन-जाऊन असतं आणि मोठं कुणी पोहत नाही, त्या घरानं हा लेख पुढे वाचायचीही गरज नाही.

*

पाण्याचा मुद्दा मात्र दिसतो तसा नाही. आपल्याला वाटतं, दुष्काळी मुलखात एवढं पाणी म्हणजे पाप. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते आपण पाहिलेलं आहे. त्या वर्षी मी ताईशी या हौदावरून भांडलोही होतो. ती तेव्हा शांतपणे म्हणाली होती, "पाणी एकदा भरलंय. तू रोज भरतात असं समजतोस."

ते खरं आहे, पण पूर्ण नाही. उघड्या तलावातून त्या हवेत वर्षाला साधारण चार फूट पाणी उडून जातं. ताईच्या तलावाचा पृष्ठभाग साडेचारशे चौरस फूट, म्हणजे वर्षाला पन्नास हजार लिटर भर घालावी लागते. पण तेवढ्याच जागेत हिरवळ असती तर तीही तेवढंच किंवा जास्त पाणी प्याली असती. गव्हर्नरनी १ एप्रिल २०१५ ला शहरांचं पाणी २५ टक्के कापलं, तेव्हा लोकांनी तलाव नव्हे, हिरवळी मारल्या. तलावावर आच्छादन घातलं तर उडणारं पाणी फारच कमी होतं. ताईकडे आच्छादन आहे. गॅरेजमध्ये गुंडाळून ठेवलेलं आहे. ते घालायला दोन माणसं लागतात आणि दुसरं माणूस कोण, यावर त्या घरात एकमत नाही.

विजेचा मुद्दा जास्त खरा. जुना दीड अश्वशक्तीचा पंप दिवसाला आठ तास चालला की बारा-तेरा युनिटं. तिथे युनिटला चाळीस सेंटांच्या वर मोजावे लागतात, म्हणजे रोजचे पाच डॉलर, कुणी पोहो न पोहो. नव्या पंपांचा वेग कमी-जास्त करता येतो. सावकाश फिरवला तर बिल पाव होतं. जळालेल्या पंपाच्या जागी तात्पुरता म्हणून कुणाकडून तरी उसना आणलेला पंप सध्या तिथे कण्हत असतो.

काहीच न करण्याचा तिसरा मार्गही लोक काढतात, म्हणजे पंप बंद, पाणी तसंच. पंधरा दिवसांत ते शेवाळून पोपटी होतं. घरबुडीच्या काळात, २००७ साली, बेकर्सफील्डकडे कर्ज थकवून लोक घरं टाकून गेले, मागे हजारो तलाव हिरवे झाले आणि त्या उन्हाळ्यात तिथे डासांनी पसरणाऱ्या वेस्ट नाइल तापाचे रुग्ण कित्येक पटींनी वाढले. अजूनही ताईच्या जिल्ह्यातलं डास-नियंत्रण खातं मागितले की डास खाणारे मासे फुकट देतं. हे ऐकून अप्पा खूश झाले. "गप्पी मासे! हिवतापवाले आणून विहिरीत सोडायचे ते." अगदी तेच नव्हेत, पण त्यांचे चुलतभाऊच. मुंबईत तर १९११ च्या मलेरियाच्या अहवालानंतर विहिरी झाका नाहीतर बुजवा असा धोशाच लागला होता, आणि लोक तेव्हाही म्हणालेच होते, विहीर बुजवू नये.

*

क्युपर्टिनोच्या बाई एकसष्ट वर्षांच्या, मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांचा तलाव चौकोनी, साधा, जुना. छपरावर काळ्या नळ्यांचं जाळं आहे, पाणी त्यातून फिरून तापून येतं. त्यामुळे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्या रोज सकाळी सहाला चाळीस मिनिटं पोहतात. नवऱ्यानं दोनदा बुजवायची कोटेशनं मागवली. दोनदा त्यांनी ती फ्रिजवर लावून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकली.

"आमच्यात सगळे पोहणारे," त्या सांगत होत्या. "भावांना पाठीला डालड्याचा डबा बांधला आणि पंचगंगेत ढकललं. दोन उन्हाळे. मला घाटावर कपडे सांभाळायला बसवलं. सात वर्षांची होते. चपला मोजायच्या, कपड्यांवर कुत्रं येऊ द्यायचं नाही. नदी एवढी जवळ की पाय ओले व्हायचे."

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या याच तलावात शिकल्या. शिकवायला येणारी मुलगी वीस वर्षांची. पहिले तीन आठवडे नुसतं काठ धरून तोंड पाण्यात घालायचं. तेव्हा मुलं कॉलेजात गेलेली, नवरा ऑफिसात, शेजारी कुंपणापलीकडे. "सार्वजनिक ठिकाणी मी कध्धी शिकले नसते. त्या कपड्यात चार लोकांत? छे." मग त्या थोडं थांबल्या. "तुम्ही खर्च विचारलात म्हणून सांगते, मी मोजत नाही. माझ्या भावांनी मोजला होता का?"

त्यांना मी काय सांगणार, पंप सावकाश फिरवा म्हणून? तो त्या फिरवतातच. माझ्या वहीत ठेवण्याच्या बाजूनं जेवढी कारणं लिहिली होती, म्हणजे घराची किंमत, पार्ट्या, नातवंडं, ती सगळी या बाईंपुढे लटकी वाटली. घराची किंमत तलावानं फारशी वाढत नाही. काही गिऱ्हाइकं त्याच्यासाठी येतात, तेवढीच त्याला पाहून परत जातात. पार्ट्या मुलं बारा वर्षांची होईपर्यंत. उरतं ते एकच: रोज उतरणारं कुणी आहे का?

*

ताईकडे रोज सकाळी साडेसातला अप्पा आणि भाऊजी काठावर बसतात. भाऊजींना पोहता येत नाही. ते लांब दांड्याच्या जाळीनं पानं काढतात. शेजारच्या झाडाची मॅपलसारखी पाच बोटांची पानं, रेडवूडच्या काड्या, कधी बुडालेली मधमाशी. मग अप्पा काचेच्या दुहेरी नळीत पाणी घेतात, एका भागात एका बाटलीचे पाच थेंब, दुसऱ्यात दुसरीचे पाच. क्लोरीन असेल तसं एक पाणी पिवळं होतं, हळदीच्या दुधापासून ताज्या झेंडूपर्यंत. दुसरं तांबूस होतं, त्यावरून पीएच कळतो, तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. दोघं नळी आभाळाकडे धरून भांडतात. अप्पांच्या मते ७.४, भाऊजींच्या मते ७.६. मग अप्पा जुन्या डायरीत लिहितात. रकाने त्यांनीच आखलेत: तारीख, क्लोरीन, पीएच, शेरा. शेऱ्यात 'पाने फार', 'गार', 'एक उंदीर', 'जावई उशिरा उठले'.

मग अप्पा उतरतात. पाणी चोवीस अंशांचं. ते वाईला एका मळ्यातल्या विहिरीत शिकले, कंबरेला दोन वाळके भोपळे बांधून, आणि दहाव्या वर्षी मोटेच्या थारोळ्यावरून मुटका मारायचे. आता गुडघे जिन्यावर दुखतात, पाण्यात दुखत नाहीत. आठ फुटांच्या टोकाला जाऊन ते पाय जमिनीला लागत नाहीत याची खात्री करून घेतात, मग उताणे होऊन हात सोडतात.

हे पाहिल्यावर मला वाटलं होतं, अप्पा ठेवा म्हणणार. जूनच्या एका रविवारी ताईनं तिन्ही कोटेशनं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही सांगा."

"बुजवा," अप्पा म्हणाले.

ताईला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "विहीर बुजवू नये म्हणतात ना?"

"ही विहीर नाही. हिला झरा कुठाय? नळ सोडलास म्हणून पाणी. झरा असता तर बुजवू दिलं नसतं." ताटातला भात कालवत ते पुढे म्हणाले, "आणि मी सहा महिने येतो, तेही अजून किती वर्षं. माझ्या सहा महिन्यांसाठी वर्षभर पंप फिरवता होय?"

भाऊजी म्हणाले, नको. त्यांचं कारण त्यांनी फार बोलून दाखवलं नाही. सकाळचा तो अर्धा तास ते फोन घरात ठेवून बाहेर येतात, एवढं मी पाहिलं होतं. भाचा कानातली यंत्रं न काढता म्हणाला, ठेवा, आणि तो शेवटचा कधी उतरला होता हे त्याला आठवेना. आणि ताई, जिनं हे सगळं सुरू केलं, जिच्या वहीत 'खड्डा' असं लिहिलेलं आहे, ती एकदम चिडली. अप्पांवर. "म्हणजे खोली बांधली तरी तुम्ही सहा महिनेच येणार?"

अप्पांनी ताक मागितलं.

त्या रात्री ती आणि मी काठावर पाय सोडून बसलो. पाण्याखालचा दिवा लावला होता. १९८९ च्या भूकंपात या खोऱ्यातल्या तलावांचं पाणी लाटांसारखं उसळून घरांच्या दारापर्यंत गेलं होतं म्हणे. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं ते पाहिलंय. ती म्हणाली, "मुलं लहान असताना मी रोज रात्री दोनदा उठून या दाराची कडी बघायचे. बारा वर्षं. आता कडी बघायची नाही तर हे पाणी कशाला, असं वाटतं. आणि नसलं तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मी पायानं पाणी हलवलं तर म्हणाली, "हलवू नकोस, उद्या पीएच चुकेल त्यांचा." पीएच असा हलवून चुकत नाही. पण मी पाय वर घेतले.

हा लेख छपाईला जाईपर्यंत कुठल्याही कोटेशनवर सही झालेली नाही. चौतीस हजारवाल्याचा दर दिवाळीपर्यंत आहे, पाऊस लागला की तो मार्चपर्यंत काम घेत नाही. दरम्यान भाऊजींनी कुणाला न विचारता सावकाश फिरणारा एक नवा पंप मागवला. ताई म्हणते, खोका फोडला नाही तर तीस दिवसांत परत घेतात. खोका गॅरेजमध्ये, आच्छादनाच्या गुंडाळीशेजारी उभा आहे. अप्पांनी या वेळी कुंपणावर दुधीचा वेल चढवला होता. त्याचा एक जून दुधी त्यांनी बियांसाठी वेलावरच ठेवलेला, तो निघताना काढून त्या खोक्यावर वाळत ठेवला आहे. हलवू नका, असं बजावून गेले आहेत.